माणसे कमी झाली, मग माणसाची किंमत वाढली का?

युरोपातील मध्ययुगाचा शेवट सांगताना इतिहासाच्या पुस्तकांत एका ठरावीक अर्थाचे वाक्य हमखास भेटते. चौदाव्या शतकात प्लेगची साथ आली, फार माणसे मेली, मजुरांची टंचाई झाली आणि त्यामुळे सरंजामशाही मोडकळीस आली, असा त्याचा आशय असतो. विद्यार्थी ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि त्यांना गुणही मिळतात.

या वाक्यात एक साखळी आहे. साथीमुळे टंचाई, टंचाईमुळे मजुरीत वाढ आणि त्यामुळे जुनी व्यवस्था कोसळली. विज्ञानाच्या तासाला अशी साखळी समोर आली, तर आपण विद्यार्थ्यांना प्रत्येक कडी ओढून पाहायला सांगतो. ही गोष्ट त्या गोष्टीमुळेच झाली का? तेच कारण दुसरीकडे असताना तोच परिणाम दिसला का? हे आपल्याला कशावरून कळले? इतिहासाच्या तासालाही हेच प्रश्न विचारता येतात. या लेखात आपण ते विचारून पाहू. मुख्य उदाहरण इंग्लंडचे घेऊ, कारण तेथील जमिनीचे हिशेब, गावच्या न्यायालयांच्या नोंदी आणि पार्लमेंटचे कायदे चर्मपत्रांच्या गुंडाळ्यांवर मोठ्या संख्येने टिकून राहिले आहेत.

साथीपूर्वीची अडचण

इसवी सन १००० ते १३०० या तीनशे वर्षांत युरोपची लोकसंख्या वाढत गेली. जंगले तोडून शेती झाली, दलदली बुजवल्या गेल्या. १३०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये ४५ ते ६० लाख लोक असावेत, असा अंदाज आहे. जमीन मात्र तेवढीच होती. कित्येक कुटुंबांकडे पाच एकरांहूनही कमी जमीन उरली होती. तेवढ्यावर पोट भरणे शक्य नसल्याने ही माणसे दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जात. मजूर भरपूर, म्हणून मजुरी थोडी. आणि जमिनीला मागणी भरपूर, म्हणून खंड जास्त.

त्यातच १३१५ साली उत्तर युरोपात वसंतापासून पावसाने जी सुरुवात केली, ती थांबेचना. पिके कुजली, गवत वाळवता येईना, मीठ तयार होईना. पुढच्या दोन वर्षांतही तसेच झाले. या दुष्काळात उत्तर युरोपातील साधारणपणे दर दहा माणसांमागे एक दगावले असावे. १३१९ पासून इंग्लंडमध्ये गुरांची साथ आली आणि नांगर ओढणारे बैल मोठ्या संख्येने मेले.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवू या. दुष्काळातही माणसे मेली, पण त्यानंतर समाजाची घडी बदलली नाही. रिकाम्या झालेल्या जमिनीला नवा कसणारा लगेच मिळत गेला. म्हणजे माणसे मरणे एवढेच पुरेसे कारण नव्हते.

शेतकऱ्यांचे स्थान कसे होते, तेही पाहिले पाहिजे. गावची जमीन सरदाराच्या किंवा मठाच्या ताब्यातील जहागिरीत मोडे. इंग्रजीत तिला ‘मॅनॉर’ म्हणतात. त्या जमिनीवरच्या शेतकऱ्यांपैकी बरेच जण भूदास होते. आठवड्यातील काही दिवस त्यांना मालकाच्या शेतावर वेठीने राबावे लागे. मुलीचे लग्न करायचे तर मालकाला पैसे द्यायचे, गाव सोडून राहायचे तरी पैसे द्यायचे. कुटुंबप्रमुख मेला, तर घरातले सर्वांत चांगले जनावर मालक घेऊन जाई.

साथ

१३४७ च्या ऑक्टोबरात काळ्या समुद्राकडून आलेल्या जहाजांबरोबर प्लेग सिसिलीतील मेसिना बंदरात उतरला. वर्षअखेरपर्यंत तो मार्सेलला पोहोचला, १३४८ च्या वसंतात फ्लॉरेन्सला आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर. १३४९ मध्ये नॉर्वे आणि १३५२-५३ मध्ये रशियातील शहरेही त्याच्या तावडीत सापडली.

प्लेग हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. १८९६ मध्ये तो मुंबईत आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना १० मार्च १८९७ रोजी याच रोगाने मृत्यू आला. या साथीच्या थोडेच आधी, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन यांनी प्लेगचा जंतू ओळखला होता. चौदाव्या शतकातील साथ याच जंतूची होती का, याबद्दल पुष्कळ काळ वाद होता. लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड येथे १३४९ च्या सुमारास पुरलेल्या माणसांच्या दातांतून त्या जंतूचा डीएनए मिळाला आणि २०११ मध्ये त्याचा जवळजवळ संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. २०२२ मध्ये किर्गिझस्तानातील १३३८-३९ सालच्या थडग्यांतूनही त्याचा पुरावा मिळाला. त्यामुळे मूळ जंतूचा प्रश्न आता मिटला आहे. तो इतक्या वेगाने कसा पसरला, उंदरांवरच्या पिसवांनी किती आणि माणसांच्या अंगावरच्या पिसवांनी व उवांनी किती काम केले, यावर मात्र संशोधन चालू आहे.

किती मेले, हे कसे कळते?

त्या काळी जन्ममृत्यूची नोंद ठेवण्याची पद्धत नव्हती. बखरकारांनी दिलेले आकडे भीतीने फुगलेले असतात. मग इतिहासकार मोजतात कसे? ज्या नोंदी वेगळ्याच कारणासाठी ठेवलेल्या होत्या, त्यांच्यापासून.

बिशपच्या कार्यालयात एक नोंदवही असे. एखाद्या गावचा धर्मगुरू मरण पावला की त्या जागी नवा कोण नेमला, हे तीत लिहिले जाई. १३४९ मध्ये या नेमणुकांची रांगच लागलेली दिसते. त्यावरून इंग्लंडच्या अनेक भागांत ४० ते ५० टक्के धर्मगुरू मेले, असा हिशेब निघतो. दुसरा पुरावा गावच्या न्यायालयाचा. कूळ मेले की जनावर वसूल करायचे असल्याने तेथे मृताचे नाव लिहिले जाई. इंग्लंडच्या मध्यभागातील हेल्सओवेन या जहागिरीच्या नोंदींतून प्रौढ पुरुषांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास मेल्याचे दिसते. तिसरा पुरावा कराचा. १३७७ साली चौदा वर्षांवरील प्रत्येकाकडून ४ पेन्स डोईपट्टी घेण्यात आली. ती भरणाऱ्यांची संख्या सुमारे साडेतेरा लाख आहे. त्यात मुले, वगळलेले गरीब, धर्मगुरू आणि कर चुकवणारे धरले, तर एकूण लोकसंख्या २५ लाखांच्या आसपास येते. म्हणजे १३०० च्या मानाने जेमतेम निम्मी.

पण १३७७ म्हणजे पहिल्या साथीनंतरची अठ्ठावीस वर्षे. एवढ्या काळात लोकसंख्या भरून यायला हवी होती. ती आली नाही, कारण प्लेग पुन्हा पुन्हा येत राहिला. १३६१, १३६९ आणि १३७५ साली इंग्लंडमध्ये मोठ्या साथी आल्या. १३६१ च्या साथीत मुले फार मेली, असे त्या काळच्या लेखकांनी नोंदवले आहे. दुष्काळानंतर रिकाम्या जागा भरल्या. प्लेगनंतर त्या दीड शतक भरल्या नाहीत. साखळीतील पहिली कडी आपल्याला अशी दुरुस्त करावी लागते: एका साथीने नव्हे, तर साथींच्या मालिकेने टंचाई टिकवून धरली.

तेव्हा लोकांनी कोणती कारणे दिली?

आपल्यावर आलेल्या संकटाचे कारण शोधण्याचा प्रयत्न तेव्हाही झाला. फ्रान्सच्या राजाने विचारल्यावरून पॅरिस विद्यापीठातील वैद्यांनी ऑक्टोबर १३४८ मध्ये एक अहवाल दिला. २० मार्च १३४५ रोजी शनी, गुरू आणि मंगळ यांची कुंभ राशीत युती झाली आणि त्यामुळे हवा दूषित झाली, असे त्यात म्हटले होते.

जर्मन भाषिक शहरांत याहून भयंकर उत्तर पसरले. ज्यूंनी विहिरींत विष घातल्याची अफवा उठली. स्ट्रासबर्ग शहरात १४ फेब्रुवारी १३४९ रोजी ज्यूंना जिवंत जाळण्यात आले. प्लेग त्या शहरात अजून पोहोचलाही नव्हता. याच्या काही महिने आधी, १३४८ मध्ये, पोप सहावे क्लेमंट यांनी आज्ञापत्र काढून हा आरोप फेटाळला होता. त्यांचा युक्तिवाद वर्गात मुद्दाम मांडण्यासारखा आहे: प्लेगने ज्यूही मरत आहेत आणि जेथे ज्यू मुळीच राहत नाहीत तेथेही प्लेग आहे, मग ज्यू हे त्याचे कारण कसे? कारण तपासण्याची ही अगदी योग्य पद्धत आहे. पण युक्तिवाद योग्य असूनही तो अनेक शहरांनी ऐकला नाही. ज्यूंचे कर्ज डोक्यावर असलेल्यांना तो ऐकायचाही नव्हता.

अनुभवातून शिकलेले लोकही होते. एड्रियाटिक किनाऱ्यावरील रगूसा, म्हणजे आजचे डुब्रोव्हनिक, या बंदराने १३७७ मध्ये नियम केला की साथीच्या भागातून येणाऱ्यांनी शहरात शिरण्यापूर्वी ३० दिवस बाहेर राहावे. पुढे इतरत्र हे दिवस ४० झाले आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द आला. रोगाचे खरे कारण कळण्याआधी पाचशे वर्षे हा उपाय सापडला होता.

कायदा उलटा वाचू या

आता साखळीची दुसरी कडी. इंग्लंडमध्ये प्लेग चालू असतानाच, १८ जून १३४९ रोजी, राजा तिसरा एडवर्ड याने मजुरांविषयी एक फर्मान काढले. साथीमुळे पार्लमेंट भरवणे शक्य नव्हते, म्हणून फर्मान. १३५१ मध्ये पार्लमेंट भरले आणि त्याने या फर्मानाचा सविस्तर कायदा केला. साठ वर्षांखालील धडधाकट माणसाने, त्याचे दुसरे काही उपजीविकेचे साधन नसेल तर, सांगेल त्याच्याकडे काम केलेच पाहिजे. मजुरी १३४६-४७ साली होती तेवढीच घ्यायची. मुदत संपण्यापूर्वी काम सोडले तर तुरुंग. धडधाकट भिकाऱ्याला भीक घालायची नाही.

कायद्याने दरही ठरवून दिले. खुरपणीला आणि गवत वाळवण्याला दिवसाला १ पेनी. गवत कापणाऱ्याला दिवसाला ५ पेन्स. कापणी करणाऱ्याला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात २ पेन्स, दुसऱ्यात ३. मुख्य सुताराला ३ पेन्स, त्याच्या हाताखालच्या सुताराला २. मजुरांनी वर्षातून दोनदा या कायद्याची शपथ घ्यायची आणि न घेणाऱ्यांसाठी गावोगावी खोडे तयार ठेवायचे.

हा कायदा सरळ वाचला, तर असे वाटेल की इंग्लंडमध्ये मजुरी वाढली नाही. पण कोणत्याही कायद्यासंबंधी विचारण्याचा पहिला प्रश्न असा असतो: काय घडत होते म्हणून हे लिहावे लागले? जे कोणी करत नाही, त्यावर बंदी घालायची गरज पडत नाही. म्हणून या कायद्याचे प्रत्येक कलम उलटे वाचायचे. मजुरी वाढवून मागितली जात होती. मजूर मुदतीआधीच काम सोडून चांगल्या मालकाकडे जात होते. शपथ घ्यायला नकार देत होते. ज्यांनी हा कायदा केला त्यांच्यासाठी ती तक्रार होती; आपल्यासाठी तो पुरावा आहे.

कायदा फसला तो मालकांमुळेही. पीक पिकून उभे आहे आणि कापायला माणूस नाही, अशा वेळी कायद्याचा दर सांगून उपयोग नसे. मग शेजारच्या जहागिरीतील मजूर जास्त पैसे देऊन पळवले जात. पैशांऐवजी धान्य आणि जेवण दिले जाई, कारण ते दरात मोडत नसे. काही जहागिरींच्या हिशेबांत गावच्या कारभाऱ्याने खरोखर दिलेला आकडा लिहिलेला आहे आणि तपासनिसाने तो खोडून वर कायद्याचा आकडा घातलेला आहे.

एक सावधगिरी येथेच नोंदवू. पेन्समधील मजुरी वाढली म्हणून मजूर लगेच सुखी झाले, असे नाही. १३७५ पर्यंत धान्याचे भावही चढेच होते. नंतर भाव उतरले आणि मजुरी मात्र उतरली नाही. खरा फरक पडला तो तेव्हापासून. साथीपूर्वी दिवसाला ३ पेन्स मिळवणारा बांधकामावरचा कारागीर पंधराव्या शतकाच्या मध्यावर साधारण ६ पेन्स मिळवत होता.

ताटात आणि अंगावर

पेन्सपेक्षा ताट जास्त सांगते. नॉर्फोक परगण्यात सेजफर्ड नावाचे गाव आहे. ते नॉर्विचच्या मठाच्या जहागिरीत होते. सुगीच्या दिवसांत मजुरांना मालकाकडून जेवण मिळे आणि मठाचा कारकून त्याचा खर्च लिहून ठेवी. १२५६ साली या जेवणाच्या खर्चापैकी जवळजवळ निम्मा भाग पावाचा आहे, तोही मुख्यतः सातूच्या. मांस अगदी नावापुरते. १४२४ साली मांसाचा वाटा एक चतुर्थांशाहून जास्त झाला आहे आणि पावाचा बराच खाली आला आहे. गाव तेच, काम तेच, मठही तोच. पण आता असे जेवण दिल्याशिवाय कापणीला माणसे येत नव्हती.

अंगावरच्या कपड्यांचेही तसेच. १३६३ मध्ये पार्लमेंटने कोणी काय ल्यावे आणि काय खावे याचा कायदा केला. नांगऱ्या, गाडीवान, मेंढपाळ अशा ४० शिलिंगांपेक्षा कमी मालमत्ता असणाऱ्यांनी जाडेभरडे लोकरी कापडच वापरावे, असे त्यात होते. हा कायदाही उलटा वाचू या. नांगऱ्या चांगले कापड घालू लागला होता आणि रस्त्यात त्याला पाहून तो कोण हे ओळखता येईना, हेच वरच्या वर्गाचे दुःख होते. पुढच्याच पार्लमेंटात हा कायदा रद्द करावा लागला.

शाळेतली भाषा बदलली

शिक्षकांना विशेष जवळचा वाटेल असा बदल भाषेचा आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यापासून तेथील उच्च वर्गाची भाषा फ्रेंच होती. व्याकरणशाळेत मुले लॅटिन शिकत, पण लॅटिनचा अर्थ समजावून घेत तो फ्रेंचमधून. घरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला एक परकी भाषा दुसऱ्या परक्या भाषेतून शिकावी लागे.

जॉन ट्रेव्हिसा या लेखकाने १३८५ मध्ये लिहून ठेवले आहे की पहिल्या मोठ्या साथीनंतर ही पद्धत बदलली. जॉन कॉर्नवॉल नावाच्या व्याकरण-शिक्षकाने प्रथम फ्रेंचऐवजी इंग्रजीतून शिकवायला सुरुवात केली, त्याच्याकडून ती पद्धत रिचर्ड पेनक्रिच याने उचलली आणि पुढे सगळ्या व्याकरणशाळांत ती रूढ झाली. ट्रेव्हिसा याने फायदा आणि तोटा दोन्ही सांगितले आहेत. मुले व्याकरण पूर्वीपेक्षा लवकर शिकतात, हा फायदा. त्यांना फ्रेंच मुळीच येत नाही आणि परदेशी गेल्यावर अडचण होते, हा तोटा. माध्यमाच्या भाषेविषयी आपल्याकडे चालणाऱ्या चर्चा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे ओळखीचे वाटेल.

हा बदल प्लेगमुळे झाला का? अंशतः. फ्रेंच जाणणारे जुने धर्मगुरू आणि शिक्षक मोठ्या संख्येने गेले आणि त्यांच्या जागी घाईने नवे आले. पण फ्रान्सशी १३३७ पासून युद्धही चालू होते आणि इंग्रजीचा वापर आधीपासून वाढत होता. १३६२ मध्ये पार्लमेंटने ठरवले की न्यायालयात वादविवाद इंग्रजीत व्हावेत, कारण लोकांना फ्रेंच समजत नाही. गंमत म्हणजे हा कायदा स्वतः फ्रेंचमध्ये लिहिलेला आहे.

धर्मगुरूंच्या तुटवड्याने आणखी एक दार किलकिले केले. जानेवारी १३४९ मध्ये बाथ आणि वेल्सच्या बिशपने कळवले की मरणाऱ्या माणसाला धर्मगुरू मिळाला नाही, तर त्याने आपल्या पापांचा कबुलीजबाब कोणाही सामान्य माणसापुढे द्यावा आणि पुरुष जवळ नसेल तर स्त्रीपुढेही द्यावा. ती अडचणीच्या वेळची सवलत होती. तरी धर्मगुरूवाचून अडत नाही, हा अनुभव त्या पिढीने घेतला.

१३८१

आता तिसरी कडी: जुनी व्यवस्था मोडली ती कशी? ती आपोआप मोडली नाही.

फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी सरकारला पैसा हवा होता. १३८० च्या अखेरीस तिसरी डोईपट्टी मंजूर झाली आणि ती होती माणशी १२ पेन्स, पहिलीच्या तिप्पट. १३८१ मध्ये वसुलीचे आकडे आले तेव्हा कर भरणारे जेमतेम नऊ लाख निघाले. चार वर्षांत साडेचार लाख लोक गेले कोठे? त्या काळात एवढी मोठी साथ आली नव्हती. लोकांनी घरातली माणसे, विशेषतः अविवाहित मुली आणि विधवा, नोंदीतून लपवली होती. सरकारने फेरतपासणीसाठी अधिकारी पाठवले आणि मे १३८१ अखेर एसेक्स परगण्यात उठाव झाला.

वॉट टायलर आणि जॉन बॉल यांच्या मागे हजारो लोक लंडनमध्ये शिरले. १४ जूनला चौदा वर्षांचा राजा दुसरा रिचर्ड त्यांना भेटला. त्यांच्या मागण्यांत भूदास्य रद्द करणे आणि खंड एकरी ४ पेन्स ठरवणे या प्रमुख होत्या. राजाने सनदा दिल्या. दुसऱ्या दिवशी टायलर मारला गेला आणि जुलैच्या सुरुवातीला सनदा रद्द झाल्या. जॉन बॉलला फाशी देण्यात आले.

बंडखोरांनी अनेक गावांत जहागिरीच्या न्यायालयाच्या गुंडाळ्या शोधून जाळल्या. ते अज्ञानामुळे केलेले कृत्य नव्हते. आपला आजा भूदास होता, हे सांगणारा एकमेव पुरावा त्या गुंडाळीत आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

उठाव हरला, पण पुढच्या शतकात भूदास्य इंग्लंडमधून हळूहळू नाहीसे झाले. वेठ मागितली की कूळ रातोरात दुसऱ्या जहागिरीत जाई आणि तेथे त्याला कोणी जुने काही विचारत नसे. शेवटी मालकांनी वेठ सोडून पैशात खंड घ्यायला सुरुवात केली. न्यायालयाच्या नोंदीची नक्कल कुळाच्या हाती दिली जाऊ लागली आणि ती नक्कल हाच त्याचा जमिनीवरचा हक्क ठरला. आजोबांनी जाळलेली गुंडाळी नातवाच्या उपयोगाची झाली.

तीच टंचाई, उलटा परिणाम

येथपर्यंत साखळी बरीच टिकली असे वाटेल. पण एल्ब नदीच्या पूर्वेला पाहा. पोलंडमध्ये १४९६ च्या कायद्याने शेतकऱ्याला गाव सोडण्यावर कडक बंधने आली आणि १५२० मध्ये आठवड्यातून एक दिवस वेठ सक्तीची झाली. रशियात १४९७ च्या कायद्याने शेतकऱ्याला वर्षातून फक्त दोन आठवडे, शरद ऋतूतील सेंट जॉर्जच्या दिवसाच्या आगेमागे, मालक सोडण्याची मुभा ठेवली. १६४९ पर्यंत तीही गेली. पूर्वेलाही माणसे विरळच होती. म्हणूनच तेथील सरदारांनी माणसांना जमिनीला बांधून टाकले.

म्हणजे टंचाई मजुराला मोकळे करू शकते आणि मालकाला दोर आवळायलाही लावू शकते. इंग्लंडच्या सरदारांनीही १३५१ मध्ये दोर आवळण्याचाच प्रयत्न केला होता. तो तेथे का फसला आणि पूर्वेला का साधला? अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट ब्रेनर यांनी १९७६ मध्ये हा प्रश्न ठळकपणे मांडला आणि त्यावर मोठा वाद झाला. शेतकऱ्यांच्या गावसंस्था किती बळकट होत्या, सरदारांमध्ये एकी किती होती, राजा कोणाच्या बाजूने होता, यावर उत्तर अवलंबून आहे, असे त्यांचे म्हणणे. पूर्वेकडून बाल्टिक बंदरांमार्गे पश्चिमेला धान्य विकून मिळणारा नफा आणि तेथील शहरांची दुर्बलता यांकडे इतरांनी लक्ष वेधले. पूर्वेत प्लेग किती तीव्र होता, यावरही मतभेद आहेत. स्पेनमधील कॅटलोनियात तर शेतकऱ्यांना दोनदा शस्त्र उचलावे लागले, तेव्हा कोठे १४८६ मध्ये राजा फर्डिनंड याच्या निवाड्याने, पैसे मोजून, त्यांची सुटका झाली.

सगळ्याच गोष्टी प्लेगच्या खात्यावर टाकणेही चूक ठरते. प्राग विद्यापीठाची स्थापना एप्रिल १३४८ मध्ये, साथ तेथे पोहोचण्यापूर्वीच झाली. चित्रकलेत नवी दृष्टी आणणारा जॉत्तो १३३७ मध्येच वारला होता. पॅरिसच्या दफनभूमीच्या भिंतीवरचे ‘मृत्यूचे नृत्य’ हे प्रसिद्ध चित्र १४२४-२५ मधले, म्हणजे पहिल्या साथीनंतर पाऊणशे वर्षांनी काढलेले. एकामागून एक घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले, असे होत नाही.

वर्गासाठी

पाठ्यपुस्तकातील त्या वाक्याचे मग काय करायचे? ते खोटे नाही, पण त्यातील ‘त्यामुळे’ या शब्दामागची माणसे त्याने झाकली आहेत. दर वाढवून मागणारा मजूर, शेजाऱ्याचे माणूस पळवणारा मालक, इंग्रजीतून शिकवू लागलेला जॉन कॉर्नवॉल, गुंडाळी शोधून जाळणारा शेतकरी: यांनी काय केले, यावर ‘त्यामुळे’च्या पुढचा भाग ठरला.

विद्यार्थ्यांना हे सांगण्यापेक्षा शोधायला देणे बरे. त्यांच्यापुढे तीन कायदे ठेवावेत. पहिला १३८८ चा: बारा वर्षांचे होईपर्यंत ज्या मुलाने किंवा मुलीने नांगरावर किंवा शेतीत काम केले आहे, त्याने पुढेही तेच करावे, दुसरा धंदा शिकू नये. दुसरा, कायदा न झालेली एक मागणी. १३९१ मध्ये पार्लमेंटच्या सभासदांनी राजाकडे विनंती केली की भूदासांच्या मुलांना शाळेत घालण्यास बंदी करावी. राजाने ती मान्य केली नाही. तिसरा १४०६ चा: कोणत्याही दर्जाच्या स्त्रीपुरुषाला आपला मुलगा किंवा मुलगी, हवी त्या शाळेत घालण्याची मोकळीक आहे.

प्रत्येकाखाली एकच प्रश्न लिहावा: गावात काय घडत होते म्हणून हे लिहावे लागले? पहिल्या दोहोंची उत्तरे मुले पटकन देतील. तिसऱ्यावर थोडा वेळ थांबावे. मोकळीक आहे, असे कायद्याने सांगावे लागले, म्हणजे कोणीतरी ती नाकारत होते. आणि तरीही कोणी नांगऱ्या आपल्या मुलीला हाताला धरून शाळेच्या दाराशी उभा होता.